यादी हॉटेलात बनते, अग्रक्रम औषधभांडारात ठरतो

प्रश्न विचारणारा पुण्यातून एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी) झालेला तरुण डॉक्टर आहे. आग्नेय आफ्रिकेतल्या मलावीत एका संशोधन प्रकल्पावर दोन वर्षांची नेमणूक मिळते आहे. तो विचारतो: इतक्या गरीब देशात कोणत्या आजारावर पैसा घालायचा आणि कशावर संशोधन करायचं हे नेमकं ठरवतं कोण? आकडे की देणगीदार? आणि बाहेरून आलेल्याला तिथे खरंच उपयोगी पडायचं असेल तर त्याने विषय कसा निवडावा?

मी तेरा वर्षं त्या भागात होते. बहुतेक काळ मलावीत, मधली काही वर्षं टांझानियात. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी सरळ उत्तर. कागदावरचा अग्रक्रम राजधानीतल्या एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये ठरतो. तीन दिवसांची कार्यशाळा, भिंतीवर रंगीत कागद, शेवटी एक यादी. प्रत्यक्षातला अग्रक्रम दुसरीकडेच ठरतो: देणगीदाराच्या पैशाला लावलेल्या अटींत, जिल्ह्याच्या औषधभांडारात काय शिल्लक आहे त्यावर, आणि सकाळी आठ वाजता दीडशे माणसांसमोर एकटी उभी असलेली नर्स आधी कोणाला आत घेते त्यावर. पहिली यादी आणि उरलेल्या तीन जागा यांची गाठ क्वचितच पडते. संशोधन करणाऱ्याचं काम या दोहोंच्या मधल्या खिंडीत आहे. तिथे कोणाला तरी एक निर्णय घ्यायचा असतो, ठराविक तारखेला, ठराविक पैशात. त्या माणसाचा प्रश्न तुमचा प्रश्न झाला तर अभ्यास उपयोगी पडतो, एरवी पेपर छापून येतो आणि तेवढ्यावर भागतं.

पैशाचं माप आधी डोक्यात बसवून घ्या. मलावीत सरकार, देणगीदार आणि लोकांचा खिसा मिळून आरोग्यावर माणशी वर्षाला ४० डॉलरच्या आसपास खर्च होत आला आहे. म्हणजे साधारण साडेतीन हजार रुपये, आणि त्यात लस, बाळंतपण, एचआयव्हीची गोळी, रुग्णवाहिकेचं डिझेल सगळं आलं. यातला निम्म्याहून अधिक पैसा बाहेरचा. आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी २००१ साली अबुजात सरकारी अंदाजपत्रकातला १५ टक्के वाटा आरोग्याला देण्याचा शब्द दिला होता. तो पाळणारे देश बोटांवर मोजावेत इतके. मग ज्याच्या हाती ससा तो पारधी. बाहेरचा पैसा एचआयव्ही, मलेरिया, क्षयरोग असे आजारांचे शिक्के मारूनच येतो. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला हिशेबात पैसा दिसतो, पण तो हलवता येत नाही. मलेरियाच्या तपासणी किटांची खोकी छतापर्यंत लागलेली आणि प्रसूतिगृहात हातमोजे नाहीत, असं दृश्य तुम्हाला पहिल्याच महिन्यात दिसेल. त्यावर कोणाला दोष देत बसू नका. दोन्ही वस्तू वेगवेगळ्या नळांतून येतात, आणि एक नळ दुसऱ्याला जोडलेला नाही.

संशोधनाच्या पैशाचंही तसंच. १९९० साली एका आंतरराष्ट्रीय आयोगाने हिशेब मांडला होता: टाळता येण्याजोग्या मृत्यूंचा ९३ टक्के भार विकसनशील देशांवर, आणि जगातल्या आरोग्य संशोधनाच्या खर्चापैकी त्यांच्या प्रश्नांवर जाणारा वाटा ५ टक्के. त्याच आयोगाने गरीब देशांना सुचवलं होतं की आरोग्यखर्चाचे निदान २ टक्के स्वतःच्या संशोधनाला बाजूला काढा. २००८ मध्ये बामाकोच्या परिषदेत मंत्र्यांनी आरोग्य खात्याच्या अंदाजपत्रकातले २ टक्के असा शब्द पुन्हा दिला. तुम्ही जिथे जाणार तिथे तुमचा पगार, तुमची गाडी, मुलाखती घेणाऱ्या पोरांचे टॅब, सगळं परदेशी अनुदानातून असेल. प्रश्न कुठून आला हे अनुदानाचा अर्ज कुठल्या शहरात लिहिला गेला यावरून बहुतेकदा ओळखता येतं.

आता आकड्यांकडे. आकड्यांनी ठरतं का? एकदा तरी ठरलं होतं, आणि ते उदाहरण पाठ असावं इतकं चांगलं आहे.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात टांझानियाच्या आरोग्य मंत्रालयाने कॅनडाच्या आयडीआरसी या संस्थेबरोबर रुफिजी आणि मोरोगोरो या दोन जिल्ह्यांत एक प्रयोग केला. संक्षेपात त्याला टेहिप म्हणत. प्रश्न साधा होता: जिल्ह्यातली माणसं ज्याने मरतात त्यावरच जिल्ह्याचा पैसा खर्च होतो का? माणसं कशाने मरतात हे दवाखान्याच्या नोंदींतून कळत नाही, कारण बहुतेक माणसं घरीच मरतात. म्हणून सायकलीवरून घरोघर जाणारे गणक नेमले. घरात कोण जन्मलं, कोण गेलं, जाण्याआधी काय होत होतं, हे ते विचारून लिहून घेत. मग हे सगळं जिल्ह्याच्या लोकांना समजेल अशा साध्या उभ्या पट्ट्यांच्या आलेखात मांडलं. शेजारी तशाच पट्ट्या अंदाजपत्रकाच्या.

मोरोगोरोत मलेरियामुळे गमावलेली आयुष्याची वर्षं एकूण वर्षांच्या ३० टक्के, आणि १९९६ च्या अंदाजपत्रकात मलेरियाला ५ टक्के. न्यूमोनिया, जुलाब, कुपोषण, गोवर अशा लहान मुलांच्या आजारांच्या गठ्ठ्याचा भार २८ टक्के, पैसा १३ टक्के. उलट क्षयरोगाचा भार ४ टक्क्यांहून कमी आणि पैसा २२ टक्के. हे कोणी मुद्दाम केलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं मागच्या वर्षीच्या आकड्यात थोडं वाढवून अंदाजपत्रक लिहिलं जात होतं, जसं आपल्याकडेही होतं.

जिल्ह्याला माणशी २ डॉलरपर्यंत जादा पैसा देण्याची तयारी होती. तेवढा जिल्ह्याला खर्चच करता आला नाही; ८० सेंटच्या आसपासच पचला. पण तो त्यांनी आलेख समोर ठेवून स्वतः वाटला: आजारी मुलाला तपासण्याची एकत्रित पद्धत नर्सांना शिकवणं, औषधी मच्छरदाण्या, असल्या गोष्टींवर. रुफिजीत एका वर्षात, १९९९ ते २०००, अर्भकमृत्यू हजारी १०० वरून ७२ वर आले. पाच वर्षांत दोन्ही जिल्ह्यांत बालमृत्यू ४० टक्क्यांहून अधिक घटले. सगळं श्रेय आलेखांना देऊ नका, त्या काळात आणखीही बरंच बदलत होतं. पण ८० सेंटात काय होतं हे मला तरी तोवर माहीत नव्हतं.

एक खोच मात्र सांगते, कारण नवे लोक नेमके तिथे घसरतात. त्याच मोरोगोरोच्या आकड्यांत लसीने टाळता येणाऱ्या आजारांचा भार ४ टक्के आणि त्यांवरचा खर्च ३० टक्के होता. एका प्रशिक्षणात हे आकडे दाखवल्यावर एक हुशार मुलगा म्हणाला, मग लसीकरणाचा पैसा कापून मलेरियाला द्या. अहो, भार कमी आहे तो लस दिली म्हणूनच! पैसा काढा आणि तीन वर्षांनी गोवराची पट्टी किती उंच झाली ते पाहा. रोगभाराचा आलेख फक्त आत्ता काय जळतंय ते दाखवतो. कुठे पाणी मारल्यामुळे आग लागली नाही, ते त्यात दिसत नाही. पैसा भारावर घालायचा नसतो, पुढच्या डॉलरने जिथे सर्वाधिक आयुष्य वाचेल तिथे घालायचा असतो.

तो पुढचा डॉलर मोजायचा कसा, हे मलावीने २०१७ च्या सुमारास करून पाहिलं. मलावीत अत्यावश्यक आरोग्यसेवांचं एक पॅकेज असतं. त्यातल्या सेवा सरकारी दवाखान्यात फुकट. पहिलं पॅकेज २००४ चं. अडचण अशी की पॅकेजमध्ये जेवढं लिहिलं तेवढं द्यायला पैसा कधीच नव्हता. सगळंच अत्यावश्यक म्हटल्यावर नर्स आपली आपण निवड करणार आणि शेवटच्या गावातल्या बाईच्या वाट्याला ‘औषध संपलं’ हे उत्तर येणार.

त्या वेळी जगभर चालणारी फूटपट्टी अशी होती: एक निरोगी वर्ष वाचवायला देशाच्या दरडोई उत्पन्नाच्या तिपटीपर्यंत खर्च येत असेल तर तो उपाय परवडणारा समजायचा. या निरोगी वर्षाच्या हिशेबाला आमच्या धंद्यात डॅली म्हणतात. अकाली मृत्यूने गेलेली वर्षं आणि आजारपणात अर्धंमुर्धं जगलेली वर्षं त्यात एकत्र मोजतात. त्या फूटपट्टीने जवळपास सगळंच परवडत होतं. गरिबाच्या खिशाला सावकाराची फूटपट्टी लावल्यासारखं ते होतं. मलावीच्या मंत्रालयाने इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या अर्थतज्ज्ञांबरोबर बसून नवं पॅकेज ठरवताना उलटीकडून हिशेब केला: या देशात आत्ता जेवढा पैसा आहे त्यात एक निरोगी वर्ष साधारण केवढ्याला मिळतं? ६१ डॉलरचा आकडा धरला गेला.

६१ डॉलर. याचा अर्थ फार कठोर आहे. एका निरोगी वर्षाला ३०० डॉलर लागणारा उपाय तुम्ही पॅकेजमध्ये घातलात, तर त्याच पैशात दुसरीकडे मिळाली असती ती जवळपास पाच वर्षं तुम्ही सोडून दिलीत. ती कोणाची, हे कधीच दिसत नाही. ज्याच्यावर उपचार झाला तो फोटोत हसताना दिसतो. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हे आपण सहज म्हणतो, पण इथे अंथरुणाबाहेर राहिलेले पाय दुसऱ्याच कोणाचे तरी असतात. मला त्या हिशेबाचा राग आला होता, हे कबूल करते. नंतर पटलं की हिशेब न केल्याने पाच वर्षं जायची थांबत नाहीत.

आणि तरीही ६१ ला देव मानू नका. आधीच्या एका अंदाजात मलावीसाठी ३ ते ११६ डॉलर अशी ऐसपैस पट्टी निघाली होती. शिवाय हा आकडा नर्सांचे तास मोजत नाही. कागदावर स्वस्त दिसणारा उपाय एकाच बाईच्या एकाच सकाळीत कोंबायचा असतो. अशा दहा स्वस्त उपायांची बेरीज केली की तिचा दिवस चोवीस तासांच्या बाहेर जातो.

आता माझ्या मते या विषयातलं सगळ्यात शिकण्यासारखं प्रकरण. ते आकड्यांच्या यादीतून आलेलं नाही.

२०१० साली एचआयव्ही झालेल्या गरोदर बायकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने दोन पर्याय दिले होते, ए आणि बी. दोन्हींत आधी बाईची सीडी-४ तपासणी करायची, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी मोजायच्या. पेशी कमी असतील तर कायमचे उपचार, जास्त असतील तर गरोदरपणापुरते किंवा अंगावर पाजणं संपेपर्यंत. संघटनेच्या जिनिव्हातल्या मुख्यालयात बसून पाहिलं तर अगदी तर्कशुद्ध. मलावीत सीडी-४ यंत्रं मोजकी, ती शहरांत, त्यातली किती चालू हा वेगळा प्रश्न. बारा किलोमीटर चालत आलेल्या बाईचं रक्त घ्यायचं, नमुना मोटरसायकलवरून पाठवायचा, निकाल आला तर आला. तोवर बाई बाळंत. त्यातही एका बाईला सरासरी पाच-सहा मुलं. म्हणजे एक गरोदरपण संपलं, गोळ्या बंद. दुसरं सुरू झालं, पुन्हा चालू.

मलावीच्या एचआयव्ही विभागातल्या लोकांनी विचारलं: ज्या तपासणीवर हा सगळा डोलारा उभा आहे ती आपल्याकडे होतच नाही, मग ती वगळूनच टाकली तर? प्रत्येक एचआयव्हीबाधित गरोदर आणि स्तनदा बाईला पेशी न मोजता, रोज एक गोळी, जन्मभर. २०११ च्या मध्यात त्यांनी हे देशभर सुरू केलं आणि त्याला ‘बी प्लस’ नाव दिलं. गोळीला दवाखान्यात ‘फाइव्ह-ए’ म्हणत. तीन औषधं एकाच गोळीत. बाहेरच्या पुष्कळ शहाण्यांनी विचारलं, याला चाचणीचा पुरावा कुठे आहे? रास्त प्रश्न होता. नव्हताच तसा पुरावा. पण तपासणीवर आधारलेला पर्याय मलावीत चालेल यालाही पुरावा नव्हता, आणि तो प्रश्न कोणी विचारत नव्हतं.

२०११ च्या दुसऱ्या तिमाहीत उपचार सुरू झालेल्या गरोदर व स्तनदा बायका होत्या १,२५७. २०१२ च्या तिसऱ्या तिमाहीत १०,६६३. पुढे २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत हीच दिशा घेतली. जगातल्या अत्यंत गरीब देशांपैकी एकाने स्वतःचा प्रश्न स्वतः विचारला आणि जिनिव्हाने तो उतरवून घेतला.

हे आकडे आले कुठून, तेही पाहा. मलावीत दर तिमाहीला पथकं प्रत्येक उपचार केंद्रावर जाऊन रजिस्टर आणि रुग्णांची कार्डं हाताने मोजतात. त्या कंटाळवाण्या मोजणीतूनच नंतर योजनेतलं भोकही दिसलं. सहा महिन्यांत सतरा टक्के बायका उपचारातून गळत होत्या, आणि स्वतःच्या आजारपणामुळे गोळ्या सुरू केलेल्यांच्या तुलनेत गरोदरपणात सुरू केलेल्यांचं पहिल्या भेटीनंतर परतच न येणं पाचपट. कारण समजायला मोठा अभ्यास नको. धडधाकट बाई तपासणीला येते, त्याच दिवशी तिला कळतं, त्याच दिवशी जन्मभराची गोळी हातात. ती पिशवीत लपवून घरी न्यायची, नवऱ्याला सांगायचं की नाही ते ठरवायचं. पुढची कित्येक वर्षं ‘तिला टिकवून कसं ठेवायचं’ हा मलावीतल्या संशोधनाचा खरा विषय झाला. तो विषय कुठल्याही कार्यशाळेच्या भिंतीवर सुचला नसता.

आता माझी फजिती. पहिल्याच नेमणुकीत मी रक्तदाबावर चौदा महिने काम केलं. गावागावांत तपासणी, उत्तम नमुना, निदान न झालेली कितीतरी माणसं सापडली. मोठ्या आनंदाने निकाल घेऊन जिल्ह्याच्या औषधभांडारात गेले. भांडार सांभाळणारा पन्नाशीचा गृहस्थ, चष्म्याला दोरी बांधलेली. त्याने माझे आलेख नीट पाहिले, काही बोलला नाही. उठून मागच्या मांडणीवरून एक पिवळं पडलेलं स्टॉक कार्ड आणलं. रक्तदाबाची सगळ्यात स्वस्त गोळी, हायड्रोक्लोरोथायाझाइड. शिल्लक रकान्यात शून्य, खाली शून्य, खाली शून्य, तीन महिने. मग म्हणाला, “डॉक्टर, तुम्ही अजून माणसं शोधून आणणार. मी त्यांना काय देऊ?” जिल्ह्याच्या वार्षिक योजनेच्या तक्त्यात या औषधाची ओळ वाढवायची तर ती कधी, हे त्याने मला त्या दिवशी सांगितलं. ती तारीख दोन महिन्यांपूर्वी उलटली होती. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, आणि घोड्यावर मी. तो जर मला पहिल्या महिन्यात भेटला असता तर मी माणसं शोधण्याचा अभ्यास केलाच नसता. आधीच निदान झालेल्यांना गोळी किती महिने मिळते, हा केला असता. आठ आठवड्यांत झाला असता आणि तारखेच्या आत पोचला असता.

आकड्यांच्या तळाशी काय असतं तेही जवळून पाहा. मलावीत रुग्ण आपली नोंद स्वतः बाळगतो. हेल्थ पासपोर्ट म्हणतात त्याला. छोटी वही, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, बायका ती चितेंज्यात, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या कापडात, खोचून आणतात. एचआयव्ही उपचाराची कार्डं सोडली तर दवाखान्यात राहतं ते फक्त रजिस्टर. छापील रजिस्टर संपलं की शाळेची वही आणून पट्टीने रकाने आखतात. मी एका केंद्रावर अशी वही पाहिली. पानाची रुंदी पुरली नाही म्हणून आखताना शेवटचे दोन रकाने गाळलेले, आणि त्यातला एक जन्मवेळच्या वजनाचा. त्या तिमाहीत त्या केंद्रातून कमी वजनाचं एकही बाळ वर कळवलं गेलं नाही. राजधानीतल्या पडद्यावर ते केंद्र हिरवं दिसत होतं. रोगभाराचं जागतिक गणित असल्या पोकळ्या मॉडेलने बुजवतं, आणि मग तोच बुजवलेला आकडा देशाला त्याचा स्वतःचा आकडा म्हणून परत मिळतो. नेमकं इथे घोडं पेंड खातं.

म्हणून दीर्घकाळ चालणाऱ्या नीरस नोंदींना मी फार मान देते. ब्लांटायरच्या क्वीन एलिझाबेथ रुग्णालयात १९९० च्या दशकाच्या शेवटापासून तापाच्या रुग्णांच्या रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, सातत्याने होत आलं आहे. २०११ नंतर बहुतेक औषधांना न जुमानणारा टायफॉइड अचानक वाढला, तो या नोंदींमुळेच लगेच दिसला. मग २८ हजारांहून अधिक मुलांवर हैदराबादच्या लसीची चाचणी तिथेच झाली, परिणामकारकता ८० टक्क्यांच्या आसपास निघाली, आणि २०२३ मध्ये मलावीने ती लस देशभर दिली. वर्षानुवर्षं कोणाचं नाव न होता चाललेल्या कामाला अशी फळं येतात.

तुम्ही पुण्याचे, म्हणून एक गोष्ट हडपसरची. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आफ्रिकेच्या कमरेला मेंदूज्वराचा पट्टा आहे. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांवर रुग्ण आणि २५ हजार मृत्यू झाले. २००१ पासून ‘अ’ गटाच्या जंतूविरुद्ध नवी लस बनवण्याचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा प्रकल्पाचे लोक आधी तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी शास्त्राचं काही न बोलता किमतीचं सांगितलं: डोस अर्ध्या डॉलरच्या आत बसवा. न परवडणारी लस ही लस नसण्यापेक्षा वाईट, अशा अर्थाचं नायजरच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने म्हटलं होतं. बड्या कंपन्यांशी त्या किमतीत जमेना. शेवटी तंत्र एफडीए या अमेरिकेच्या औषधनियामक संस्थेच्या प्रयोगशाळेतून आणि उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये, अशी मोट बांधली गेली. डोस ४० सेंटच्या आसपास बसला. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोने सुरुवात केली, दहा दिवसांत एक कोटीहून अधिक लोकांना टोचली. पुढे ती लस चाळीस अंशांपर्यंतच्या उन्हात चार दिवस बर्फाविना टिकते हे तपासून मंजूर करून घेतलं. बर्फ हा तिथला खरा शत्रू, पण हे फक्त तोच सांगू शकतो ज्याने बर्फाची पेटी डोक्यावर वाहिली आहे. ‘अ’ गटाच्या साथी त्या पट्ट्यातून जवळपास नाहीशा झाल्या. (बाकीचे गट शिल्लक होते, २०१५ मध्ये नायजरमध्ये ‘सी’ ने मोठी साथ आणली. पाच गटांवरची नवी लसही पुण्याचीच, २०२४ मध्ये नायजेरियाने आधी घेतली.) इथे आधी किंमत आली, मग लस. अग्रक्रम ठरवणं म्हणतात ते याला.

नकारात्मक निकालांना घाबरू नका, एवढंच थोडक्यात. मलावीत १०,७५० मुलांच्या अभ्यासात कमी धुराच्या चुली वाटून पाहिल्या. न्यूमोनिया घटला नाही. सगळ्यांना आवडणारी कल्पना होती, पण देशभर पैसा ओतण्याआधी कळलं. आणि युगांडा, केनिया, टांझानियात गंभीर आजारी मुलांना झपाट्याने सलाइन देण्याची जगभरची रीत तपासली तर दोन दिवसांतले मृत्यू ७.३ टक्क्यांवरून १०.५ वर गेलेले निघाले. पुस्तकातलं सगळं तिथे लागू पडतंच असं नाही, हे २०११ च्या त्या एका अभ्यासाने माझ्या पिढीच्या डोक्यात घट्ट बसवलं.

तुम्ही जाताय तो काळ मात्र आमच्यापेक्षा अवघड आहे. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेची मदत थांबली आणि जुलैपर्यंत ती मदत वाटणारी यूएसएड ही संस्थाच मिटली. गोळ्या आणि पगार यांवर झालेला परिणाम बातम्यांत आला. कमी बोललं गेलं ते फेब्रुवारीत थांबलेल्या घरोघरच्या आरोग्य पाहणीबद्दल. १९८४ पासून सुमारे नव्वद देशांत बाळं किती जगली, बायकांना काय मिळालं हे त्या पाहणीतून कळत होतं. पुढे थोडा तात्पुरता पैसा उभा राहिला, पण जी वर्षं मोजली गेली नाहीत ती परत मोजता येत नाहीत. दुसरी बाजूही आहे. ‘एक योजना, एक अंदाजपत्रक, एक अहवाल’ असं मलावीच्या २०२३ ते २०३० च्या आराखड्यातच लिहिलेलं होतं, आणि नळ आटल्यावर ते वाक्य पहिल्यांदाच कोणीतरी गंभीरपणे वाचतंय. काय वगळायचं हा प्रश्न आता मंत्रालय स्वतः विचारतंय. तुमच्या हाती हिशेब असेल तर ऐकणारा माणूस समोर आहे.

तर पहिले तीन महिने असे घालवा. प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा लिहून ठेवलेला आराखडा, बाजूला ठेवा. मलावीचं आर्थिक वर्ष २०२२ पासून एप्रिल ते मार्च झालं आहे. जिल्ह्यांच्या योजना त्याआधी कित्येक महिने लिहिल्या जातात. तुमच्या जिल्ह्याची गेल्या वर्षीची योजना मागून घ्या आणि तुमचा विषय तिच्यातल्या कुठल्या ओळीवर परिणाम करणार ते बोट ठेवून दाखवता येतं का पाहा. येत नसेल तर विषय बदलायला अजून वेळ आहे. औषधभांडारात दोन दिवस नुसते बसा. एचएसए, म्हणजे आपल्या आशा आणि मलेरिया कर्मचारी यांच्या मधला माणूस, त्याच्याबरोबर सायकलीवरून एक फेरी करा. त्याला किती प्रकल्पांचे किती फॉर्म भरावे लागतात ते मोजा आणि तुमचा फॉर्म अर्धा करा. चिचेवा ही तिथली भाषा शिका. दुभाषा ‘ती म्हणते हो’ एवढंच सांगतो, आणि ती बाई त्याआधी दोन मिनिटं बोललेली असते.

आणि नेमणुकीचा करार सही करण्याआधी नीट वाचा. गोळा केलेली विदा (डेटा) कोणत्या देशात राहणार, जिल्ह्याला ती कधी मिळणार, आणि पेपरवर तिथल्या सहकाऱ्याचं नाव कितवं येणार, ही तीन कलमं शोधा. नसतील तर तसं लिहून विचारा. उत्तर काय येतं ते मला कळवा, मग पुढचं बोलू.